धूर आणि तांदळाचं पीठ

विचुंब्यात माझा भाड्याचा गाळा आहे. आत लेझर कटिंगचं एक जुनं मशीन, आणि भिंतीपलीकडे गाळामालकाची पिठाची गिरणी. मालकाशी मी बोलत नाही, तोही माझ्याशी बोलत नाही, भाडं परस्पर बँकेतून जातं. हे सगळं एका पंख्यावरून झालं.

मशीन मूळचं मालकाच्या मेव्हण्याचं. त्याने ते हौसेने आणलं, त्याला ते चालवता आलं नाही, आणि मी ते त्याच्याकडून विकत घेतलं, गाळा तेवढा मालकाकडून भाड्याने. मी म्हसळ्याकडचा. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बीएस्सी, फिजिक्स घेऊन. आईने ते प्रमाणपत्र फ्रेम करून दिलं आणि मी ते मशीनच्या वर भिंतीला लावलं. ज्या कागदामुळे आपण इथवर आलो तो कपाटात दडवून ठेवायचा, हे मला पटत नाही. मालकाच्या डोळ्यांत ते पहिल्या दिवसापासून खुपलं. तो मला इंजिनेर म्हणू लागला. मी इंजिनिअर नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. नंतर सोडून दिलं.

खरं दुखणं फ्रेमचं नव्हतं. मेव्हण्याच्या हाती जे धूळ खात पडलं होतं, ते माझ्या हाती चालू लागलं होतं, आणि भिंतीपलीकडे बसून ते त्याला रोज ऐकावं लागत होतं.

थर्माकोल बंद झाल्यापासून गणपतीला प्लायची मखरं लागतात. जाळीच्या कमानी, मोर, कमळं, सगळं लेझरवर कापलं जातं. मखरांचा हंगाम ऐन भरात असताना मशीनचा धूर बाहेर जाईनासा झाला. लेझरने प्लाय कापला जातो म्हणजे खरं तर जळतो. तो धूर ओढून पत्र्याच्या नळीतून छपराबाहेर टाकायला मशीनच्या मागे मोठा पंखा असतो, गोगलगाईच्या आकाराच्या लोखंडी डब्यात बसवलेला. तो अशक्त झाला की धूर आत साचतो, लेन्सवर बसतो, किरण मंद होतो आणि कमान अर्धी कापलेली, काळ्या कडांची निघते. गाळ्यात मावेनासा झालेला धूर आढ्याच्या फटीतून पलीकडे गेला. गिरणीत.

मालक शटरमध्ये येऊन उभा राहिला. अंगावर पीठ, हातात कुणाचा तरी डबा.

"इंजिनेर, माझ्या पिठाला धुराचा वास मारतंय. बायका डबं परत आनतान."

"पंख्यात काहीतरी झालंय. बघतोय मी."

"मेवन्याच्या टायमाला कवा धूर आला नाय."

"मेव्हण्याच्या वेळी मशीन कधी चालू होतं का?"

हे मी बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "वास घे." मी घेतला. वास येत होता. त्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला.

"शनवारपर्यंत बघतंय," तो म्हणाला. "धूर थांबला नाय तं रयवारी शटरला माझा कुलूप. मशीन आत ऱ्हाऊ दे नायतर न्हावा शेव्याला नेऊन बोटीत टाक."

तो नुसता दम देणाऱ्यांतला नव्हता. गाळा मागायला बिल्डरांची माणसं येतच होती. माझ्याकडे मखरांच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या, आणि थ्री-फेज लाइन असलेला दुसरा गाळा आसपास कुठे मिळेना. कुलूप लागलं असतं तर हंगाम गेला असता, आणि हंगाम गेला की वर्ष गेलं.

मी नळी उतरवली. आत राळेसारखा चिकट काळा थर होता, तो खरवडून काढला. धूर तसाच. पंख्याचं बेअरिंग बदललं. धूर तसाच. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही वायरींचा करंट पाहिला, तिन्हींत सारखाच होता. म्हणजे मोटर धडधाकट. छपरावर चढून नळीच्या तोंडाशी हात धरला, तर हवा बाहेरच येत होती, फक्त तिच्यात जीव नव्हता. पूर्वी मशीनच्या आत जिथून धूर ओढला जातो त्या जाळीला कागद लावला की तो चिकटून राहायचा. आता खाली पडत होता.

आणि एक दिवस धूर एवढा वाढला की मी मशीन बंद करून पुन्हा छपरावर गेलो. नळीच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलेलं होतं. गिरणीचंच, त्याला पीठ लागलेलं होतं. मी ते काढलं, खाली आलो आणि गिरणीच्या उंबऱ्यावर टाकलं. मालक तांदूळ ओतत होता. वरही पाहिलं नाही त्याने.

"पंख्याचा गळा दाबला की धूर पिठात जास्त जातो, एवढं तरी कळतं का?" मी म्हणालो.

"मना काय कलतं ते रयवारी बघ," तो म्हणाला.

शुक्रवारी त्याचा वायरमन आला. गिरणीची आणि गाळ्यांची सगळी कामं तोच बघायचा. मालकानेच त्याला माझ्याकडे पाठवलं होतं, मदतीला नव्हे, मशीन मेलं हे दाखला दिल्यासारखं सांगायला. त्याने पंखा चालू करून ऐकला, मान हलवली.

"मोटर गेली. तिची वाइंडिंग नव्याने भरून घ्या."

"करंट बरोबर आहे."

"करंटवर जाऊ नका, साहेब. आमची गिरणीची मोटर गेल्या पंधरवड्यात भरून आणली. आली ती उलटी फिराला लागली, सगलं पीठ माझ्या अंगावर."

"मग?"

"मग काय. मोटरमधीच वायरी बदलाच्या तं डबा उघडा, पट्टा काढा, सगलं ढिलं करा. मी बाहेर मेन बोर्डावरच दोन वायरींची अदलाबदल केली. पाच मिन्टांत सरल."

तो हसला, मीही ओठ ताणले. माझं लक्ष तेव्हा पंख्यात होतं. आपल्याला काय सांगितलं गेलंय, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी मी पंख्याचा डबा रॉकेलच्या बोळ्याने पुसायला घेतला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काजळीचा जाड थर निघत गेला आणि खालून लोखंडातच ओतलेला एक बाण दिसू लागला. फिरण्याची दिशा दाखवणारा. मी पंखा चालू केला, बंद केला, आणि चक्र थांबताना पाहत राहिलो. वेगात असताना दिशा कळत नाही, थांबताना कळते. चक्र बाणाच्या विरुद्ध फिरत होतं.

अशा पंख्याची गंमत अशी की उलटा फिरवला तरी तो हवा बाहेरच टाकतो, मात्र फारच थोडी. त्यामुळे कुणाला संशय येत नाही. तेव्हा मला वायरमनचं बोलणं आठवलं. थ्री-फेजच्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलट दिशेने फिरते, आणि मेन बोर्ड दोघांचा सामाईक. तिथे दोन वायरी बदलल्या तेव्हा गिरणी सरळ झाली आणि माझा पंखा उलटा. धूरही त्याच पंधरवड्यात सुरू झाला होता.

मी बोर्डाला हात लावला नाही. माझ्याच पंख्याच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे चालू-बंदच्या पेटीत, दोन वायरी बदलल्या. बटण दाबलं तेव्हा पंखा असा गरजला की मशीनमधली प्लायची बारीक कमळं जाळीकडे सरकली. जाळीला कागद लावला. चिकटला.

मालकाला मी लगेच सांगितलं नाही. रविवारची वाट पाहिली. तो कुलूप घेऊन आला, गिरणीवर डबे घेऊन आलेल्या दोघी-तिघी बायका बाहेर उभ्या होत्या. मी मशीन चालू केलं आणि त्याच्यासमोर मोराचा पिसारा कापला. धुराची रेघ सरळ मागे ओढली गेली. गाळ्यात वाससुद्धा नव्हता.

"बघा," मी त्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणालो. "गिरणी सरळ करायला तुमच्या माणसाने बोर्डावर वायरी बदलल्या. त्याने माझा पंखा उलटा झाला. तुमच्या पिठात धूर तुम्हीच सोडला."

एक बाई पदराआड हसली. "म्हंजे दादा, आमचा पीठ तुमीच धुरकटवलाव?"

मालकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो वायरमनला शिव्या देईल, निदान बोर्ड बघतो म्हणेल, असं मला वाटत होतं. मी त्यासाठीच थांबलो होतो.

"बोर्ड माझा हाय," तो म्हणाला. "माझ्या बोर्डावर मी कायपन करीन. दम दिला तवाच तुजा पंखा चालू झाला ना?"

त्याने आणलेलं कुलूप माझ्या शटरच्या कडीत अडकवलं, न लावता, उघडंच. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि गिरणीत जाऊन पट्टा चढवला.

कुलूप अजून तिथेच आहे. मी ते काढलेलं नाही, त्यानेही नाही. पावसाने त्याला गंज चढला आहे. सगळी मखरं वेळेवर गेली. मी पंख्याला एक छोटं यंत्र बसवलं, वायरींचा क्रम बदलला की त्यावर लाल दिवा लागतो आणि पंखा, मशीन काहीच सुरू होत नाही. दिवाळीआधी एका सकाळी तो लाल दिवा लागला. गिरणीची मोटर त्या आठवड्यात कुठेही भरायला गेली नव्हती, म्हणजे या वेळी बोर्डावर फक्त माझ्या लाइनच्या वायरी बदलल्या होत्या, मुद्दाम. मी विचारायला गेलो नाही. स्टार्टर उघडला, वायरी बदलल्या, कामाला लागलो.

आमच्या घरी भाकरी तांदळाचीच होते. पीठ मी सुकापूरच्या गिरणीतून दळून आणतो. येताना गाडी त्याच्या गिरणीसमोरून नेतो, डबा पायाशी दिसेल असा ठेवून, सावकाश.