पायलं का आयकलं?

परवा जेवताना मी भाजीला नाव ठेवलं. "आज मीठ जास्त झालंय," म्हणालो. बायकोने माझ्या ताटाकडे पाहिलं. भाजीला अजून बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. धाकटी मुलगी आधी जेवून उठली होती, ती ओसरीवर तसं सांगत होती, आणि तेवढ्या भांडवलावर मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. बायको म्हणाली, "चाखली तरी का?" पन्नाशीच्या माणसाला कुणी बाकावर उभं करावं तसं झालं मला.

कारण हाच प्रश्न आमचे सायन्सचे सर दिवसातून दहा वेळा विचारीत. "पायलं का आयकलं?" पोरांनी त्यांचं नावच 'पायलंका सर' ठेवलं होतं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मुर्रीहून पायी गोंदियाच्या शाळेत जायचो. सर देवरीकडचे. बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी, पण सर शिकवीत ते त्यांच्या गावच्या बोलीत. मुख्याध्यापकांना ते आवडत नसे.

आमच्या वहीत ते दोन रकाने पाडायला लावीत. डावीकडे 'पायलं', उजवीकडे 'वाटलं'. "उजवीकडे तुमची मर्जी," ते म्हणत, "डावीकडे मात्र डोळ्यानं पायलं तेवढंच." एका पोराने डावीकडे लिहिलं, मोहाच्या झाडावर भूत होतं. सर चिडले नाहीत. "काय पायलास तू?" "पांढरं काहीतरी, सर." "मंग पांढरं काहीतरी लिह. भुताले उजवीकडे बसव."

स्वतःलाही ते सोडत नसत. मोहाची फुलं का गळतात, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "मले नाही माहीत." दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गात आले. "पहाटे गळतात, हे पायलं. काऊन, ते नाही समजलं." आणि फळ्यावर उजवा रकाना कोरा ठेवला. मास्तराला एखादी गोष्ट माहीत नसते, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी अवकाळी पावसात आमच्या घरचं बियाण्याचं धान भिजलं. बाबा म्हणत, वाळवलंय, उगवेल. काका म्हणे, नाही उगवणार. मी सरांना विचारलं. सर खुलले. "भांडता कायले? शंभर दाणे मोज, ओल्या पोत्यात गुंडाळ, रोज पाणी शिंपड, रोज मोज. सात दिवस. तुझ्या बाबाले जवाब भेटते."

मी पोतं भिजवलं, दाणे गुंडाळले, आणि दुसऱ्याच दिवशी मामाच्या गावी लग्नाला गेलो. पाच दिवस जिलेब्या खाल्ल्या. परत आलो तर पोतं वाळून कडक झालेलं, दाणे चिमण्यांनी टिपलेले. नव्याने शंभर दाणे मोजायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण वही उद्या दाखवायची होती. मी ओसरीवर बसून एका बैठकीत सात दिवसांचे आकडे लिहिले. खरे वाटावेत म्हणून हळूहळू चढवत नेले. शेवटी ब्याण्णव. शंभर लिहिले असते तर संशय आला असता, एवढी अक्कल मात्र होती.

पोतं मामाकडे सोबत नेलं होतं, असं मी घरी आणि शाळेत सांगितलं. सरांनी वर्गात माझी पाठ थोपटली आणि बाबांना निरोप पाठवला, "टाका. पोरानं पायलं हाय."

मृगात बाबांनी ते धान पऱ्ह्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, टाकलं. रोपं उगवली ती म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, इथे चार, तिथे दोन. शेजाऱ्यांकडून उरलेलं पऱ्हं मागून आणून रोवणी केली, तरी शेतातल्या निम्म्या बांध्या रिकाम्याच राहिल्या. रोवणी संपली तशी बाबा चिखलाच्या पायांनी थेट वर्गात आले.

"मास्तर, तुमच्या वहीत ब्याण्णव उगवले. माह्या बांधीत काऊन नाही उगवले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेतील.

"चूक माही हाय, भाऊ," सर म्हणाले. "मी सोता नाही पायलं. मी आयकलं."

घरी जाताना बाबा म्हणाले, "त्या मास्तरचं काही आयकू नोको." मी मान हलवली. ती मान आठवली की आजही कॉलर टोचते.

बोभाटा झाला. वर्गातले प्रयोग बंद झाले आणि दिवाळीआधी सर शाळा सोडून गावी गेले. जाताना सगळ्यांच्या वह्या परत दिल्या. माझ्या वहीत सरांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सातही दिवसांच्या आकड्यांभोवती एक रेघ होती, आणि तिथून एक बाण निघून उजव्या रकान्यात गेला होता. सात दिवस, एकच शाई, कागदावर पाण्याचा एक थेंब नाही. त्यांनी ते पाहिलं होतं.

पुढे मी इटियाडोहच्या कालव्यावर पाणी मोजायच्या नोकरीला लागलो. पट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा कधी लिहिला नाही. पण बाबांना सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही ते त्या मास्तरलाच नावं ठेवीत होते.

परवा भाजीवरून हे सगळं बायकोला सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "अन् सर?"

"वारले म्हणे. दोन-तीन वर्षं झाली."

"म्हणे म्हणजे? आयकलं न तुम्ही. पायलं त नाही." तिने माझं ताट पुढे सरकवलं. "देवरीची पयली बस सकाळीच राहते. डबा बांधून देतो. अन् आता भाजी चाखा."