राखीव गोलकीपरचा जाहीर माफीनामा

मी व्यावसायिक फुटबॉलपटू होतो असं सांगितलं, की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. मग विचारतात, कुठल्या जागी खेळायचात? बाकावर. मी राखीव गोलकीपर होतो. ऐन उमेदीची सगळी वर्षं मी हातमोजे चढवून, पहिल्या गोलकीपरच्या तब्येतीची मनातल्या मनात चौकशी करत बसलो. गडी ठणठणीत. त्याला साधी शिंक येत नसे.

बाकावर शेजारी प्रशिक्षक बसायचे. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, यात काय अवघड आहे? ते निवृत्त झाल्यावर क्लबने त्यांची खुर्ची माझ्याच बुडाखाली सरकवली, आणि काय अवघड आहे ते कळलं.

प्रशिक्षक म्हणून मी एकच ठाम निर्णय घेतला. एका उंच, अबोल तरुणाला गोलमध्ये उभं केलं. त्याला सगळे खांब म्हणत. हातापायाने चपळ, पण पेनल्टी आली की डोळे मिटून उजवीकडे झेप. ‘‘अरे, डावी बाजूपण आपलीच आहे!’’ असं मी सरावात गोलमागे उभा राहून घसा बसेस्तोवर ओरडायचो. तो मान डोलवायचा आणि उजवीकडे जायचा. संचालक म्हणाले, याला काढा. मी हट्टाला पेटलो. त्यांनी मला काढलं. नव्या प्रशिक्षकाला दुसरा कोणी मिळेना, म्हणून खांब मात्र राहिला.

मग शहरातल्या रेडिओला समालोचक हवा होता. बसून बोलायचं काम. त्यात माझा हात कोण धरणार?

हंगामाचा शेवटचा सामना आला. आमच्या जुन्या क्लबला बरोबरी पुरेशी होती. हरले तर संघ खालच्या गटात, खांब घरी, आणि मी नको त्या माणसापायी नोकरी घालवली हे जगजाहीर. समालोचनाची केबिन म्हणजे गोलच्या अगदी मागे एक पत्र्याची खोली. उकाड्यामुळे खिडकीची काच आम्हीच काढून ठेवली होती. बरोबरी चालू असताना, अगदी शेवटी, आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. मैदान चिडीचूप.

‘‘आता गोलकीपर काय करेल?’’ सहसमालोचकाने विचारलं.

‘‘उजवीकडे जाईल!’’ मी म्हणालो. ‘‘ढिम्म सुधारला नाही. डावीकडे चेंडू ठेवून वर पत्ता लिहून दिला तरी हा उजवीकडेच जाणार!’’

माझा आवाज जुन्या गोलकीपरचा. माईकची गरज कधी नव्हतीच. चेंडूजवळच्या खेळाडूने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. खांबानेही वळून बघितलं. मेलो, दोघांनीही ऐकलं!

चेंडू अर्थातच डावीकडे आला. आणि खांब डावीकडे गेला. चेंडू त्याच्या पंजाला लागून बाहेर. मी माईकवर हमसून हमसून रडलो. त्या मिनिटाचं समालोचन एवढंच.

सामन्यानंतर त्याला गाठून विचारलं, ‘‘इतकी वर्षं सांगत होतो, तेव्हा का नाही गेलास?’’

‘‘सर, तेव्हा तुम्ही शिकवत होता. आज चारचौघांत अब्रू काढलीत. डोकंच फिरलं.’’

म्हणजे माझं सगळं प्रशिक्षण फुकट, आणि एक चहाडी कामी आली.

समोरच्या क्लबने तक्रार केली, की समालोचकामुळे निकाल बदलला. रेडिओच्या साहेबांनी तंबी दिली: उद्या जाहीर माफी माग, नाहीतर घरी बस. मी ती तक्रार बायकोला दोनदा वाचून दाखवली. आयुष्यभर मैदानाच्या कडेला बसलो. माझ्यामुळे निकाल बदलला असा आळ घ्यायची कुणाला गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माफी मागून घरी आलो. बायको रेडिओ बंद करत होती.

‘‘अहो, माफी मागताना निदान हसू तरी नये माणसाने.’’

‘‘रेडिओवर कुठे दिसतं?’’

‘‘ऐकू येतं,’’ ती म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना.