तोडायला लावलेली गस्ती नौका

मी शाळेत होते तेव्हा भिलाईजवळ जामुलला आमच्या खोलीत सकाळी एकच खाणं असे : बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात), मीठ आणि कांदा. बाबा ठेकेदाराकडून भिलाईच्या प्लेट मिलमध्ये जात. पोलादाची प्लेट थंड झाली की तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा, हे त्यांचं काम. काम बंद असलं की कांदाही नसे. त्या खोलीतून निघालेली घरातली पहिली पदवीधर मी. हे मी मिरवतेच.

एकदा मुकादम बाबांना म्हणाला होता, "ये नेव्ही का माल है, नंबर साफ डालो." तेव्हापासून नौदलाच्या गस्ती नौका बाबांना आपल्या हातच्या वाटत. गेल्या वर्षी त्यांची नजर जाऊ लागली. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास मी पेपरात वाचलं : एका जातीच्या गस्ती नौका सेवेतून काढल्या, शेवटची विशाखापट्टणमला तोडायला लावली आहे.

"दिसते तवरक मले दाखव," बाबा म्हणाले.

दुर्गहून गाडी धरली. डब्यात ठेठरी (बेसनाची तळलेली कडबोळी) खाल्ली. ओडिशात डोंगर लागले.

"हिरवे हायेत का?"

"नाही बाबा, वाळले."

विशाखापट्टणमला रिक्षावाल्याने भलत्याच धक्क्यावर सोडलं. मासळीच्या चिखलातून, बाबांचा हात धरून, भंगारवाल्याच्या जागेपर्यंत चालत गेलो.

नौका लहानच होती. पुढचा भाग कापून नेलेला, राखाडी रंगाचे पापुद्रे सुटलेले. बाबांनी कोणाला न विचारता बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं आणि कान लावला. मिलमधली सवय, तडा असला तर आवाज बद्द येतो. हिचा खणखणीत आला.

"अहो आजोबा, दार उघडायचं नाही कोणी!" राखणदार हसत आला. मालवणकडचा, याच जातीच्या नौकेवर नोकरी केलेला. "कुठले तुम्ही?"

"भिलाईचे."

"तिथं कुठला समुद्र?"

"समुद्र नाही, लोखंड हाय," बाबा ताठ होऊन म्हणाले.

तो मग मोकळेपणी बोलू लागला. लाट उठली की ताटात भात राहत नसे. वादळात मच्छीमार चुकले की शोधायला हिलाच सोडायचे. "एकदा अकरा जण उचलले. बारावा सापडला नाही. त्याची बायको धक्क्यावर उभी होती."

बाबांनी विचारलं, "हे आमचं लोखंड हाय न?"

"नाही हो. ही जुनी जात, हिचं पोलाद बाहेरून आलं. नंतरच्यांना तुमचं लागलं म्हणतात."

"मंग त्यायच्यावर माहा नंबर असन?"

"रंगाआधी प्लेट घासून काढतात. नंबर राहत नाही."

"मंग कोनाले कसं समजन?"

"नाही समजत, आजोबा."

मला त्याचा राग आला. थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? बाबा मात्र नौकेच्या कापलेल्या कडेवरून तळहात फिरवत राहिले. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "खरं बोलला. तू कावून तोंड पाडून राहिली?"

घरी आल्यावर दोन महिन्यांत त्यांना दिसेनासं झालं. शेजारी विचारतात, "कैसा था आपका जहाज?" बाबा सांगतात, "हमारा नहीं था. आगे से कटा था. लेकिन आवाज खरा था."

नजर जाण्याआधी बाबांनी गस्ती नौका पाहिली. मी त्यांना नेलं.