वकिलांनी मिळवून दिलेला रस्ता

आमचे आमदार आधी पालघरच्या कोर्टात वकिली करायचे. वहिवाटीच्या दाव्यात ते माझे वकील होते. आता दर भाषणात ते सांगतात, "चिंचणीच्या एका अडाणी भाजीवाल्याला मी रस्ता मिळवून दिला." तो अडाणी भाजीवाला म्हणजे मी.

बोईसरच्या कामगार वस्तीत डोक्यावर पाटी घेऊन मी भाजी विकली, त्यातून चिंचणीला वाडी घेतली. वाडीत जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून. त्याने ती काट्या टाकून अडवली, म्हणून दावा. वकीलसाहेब नुसत्या तारखा घेत राहिले. शेवटी मीच शेजाऱ्याला कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्याची विहीर मचूळ झाली होती, मिरची करपत होती, हे मी हेरून ठेवलं होतं.

"माझ्या बोअरचं पाणी तुला, तुझ्या बांधावरून टेम्पो मला."

तो फक्त पायवाट द्यायला तयार, टेम्पोला नाही. मी उठून चालू लागलो.

"अरे, बस ना! लगेच रागावतो काय?"

चहा संपायच्या आत सौदा झाला. साहेबांनी फक्त तडजोडीचा कागद कोर्टापुढे ठेवला.

परवा पालघरला त्यांचा सत्कार होता. शाल घालायला मला व्यासपीठावर बोलावलं. शेजारीही माझ्याच टेम्पोतून आला होता. साहेबांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, या वेळी उलटतपासणीसकट. माझं डोकं फिरलं. मी माईक ओढला.

"रस्ता मी मिळवला! तुमी तर तिथं नव्हतात!"

साहेबांनी हसत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, हा माझा अशील! फीसाठी अजून घासाघीस चाललीय."

हशा, टाळ्या. मी पुढच्या रांगेतल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारा."

तो उठला, हात जोडले. "साहेबांनीच दिला रस्ता. त्यांच्यापुढं आमचं काय चालणार?"

परतताना मी त्याला विचारलं, खोटं का बोललास?

तो खिडकीबाहेर बघत होता. "साहेबांपुढं हरलो म्हणायला लाज नाय वाटत. तुझ्यापुढं हरलो असं गावात सांगू?"

बोईसर आलं होतं. मी टेम्पो बाजूला घेतला. "उतर. साहेब पोचवतील तुला घरी."

तो उतरला. दार आपटलंसुद्धा नाही, सावकाश लावलं. त्याचाच मला जास्त राग आला.