बोटाच्या पेराएवढ्या माणसांचा स्टील प्लँट

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की घरात दोन गोष्टी साठत जातात: अर्धवट वापरलेल्या फेविक्विकच्या ट्यूब आणि किस्से. ट्यूब वाळतात तरी. किस्से मात्र सांगावे तेवढे वाढतच जातात.

आम्ही चौघं. मिलिंद कांबळे बँकेत आहे. स्नेहल आर्किटेक्ट लोकांना इमारतींची मॉडेल्स करून देते. कुरुळीचा भोसले इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, आणि मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. स्नेहलच्या रावेतच्या घरी गच्चीवर एक खोली आहे, तिथे मोठ्या टेबलावर मांडलेला आमचा लेआउट. रविवार सकाळ तिथेच जाते.

*

सुरुवातीला लेआउटवर नुसती रेल्वे होती. डोंगर, बोगदा, एक स्टेशन आणि गोल गोल फिरणारी मालगाडी. एकदा स्नेहलच्या सासूबाई चहा घेऊन वर आल्या. थोडा वेळ गाडीकडे बघत राहिल्या.

"ह्या डब्यांत असतं काय रे?"

"काही नाही काकू, रिकामे आहेत."

"मग एवढी कसली धावपळ?"

मिलिंदनं गाडी थांबवली. म्हणाला, "काकूंचं खरंय राव. हिला कामाला लावू या."

आता पिंपरी-चिंचवडच्या माणसाला काम म्हटलं की कंपनीच आठवणार. आम्ही थेट स्टील प्लँटच काढला!

*

लोखंड वितळवायची उंच भट्टी करायची, तर तिच्या अंगाखांद्यावर पाइपच पाइप. मिलिंद आणि मी संत तुकाराम नगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पाइप जोडायचे एल्बो मागितले, टी मागितले, वेगवेगळ्या जाडीचे पाइप मागितले.

दुकानदारानं विचारलं, "बाथरूम केवढंय?"

मिलिंद म्हणाला, "बाथरूम नाही, ब्लास्ट फर्नेस आहे. पंधराशे डिग्री."

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. आतल्या पोऱ्याला ओरडून म्हणाला, "ए, गरम पाण्याचा पाइप काढ रे!"

*

आमचा भोसले गावकीतल्या जुन्या घरातला. रविवारी घरातून निघताना बायकोनं विचारलं तर म्हणायचा, "स्टील प्लँटचं वायरिंग चाललंय." बायकोनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पारावर. झालं! कुरुळीत बातमी पसरली की भोसल्यांनी भागीदारीत स्टील प्लँट टाकलाय.

एका सकाळी भोसलेच्या दारात भावकीतले तात्या हजर, हातात पुतण्याचा बायोडेटा. "व्हय रं, एवढा प्लँट टाकलास आन् आमाला पत्ता न्हाई? पोराला चिकटव की. हेल्परमधी बी चालंल."

भोसले म्हणाला, "घेतो की तात्या. पण उंची बोटाच्या पेराएवढी पायजे!"

तात्या तडक भोसलेच्याच गाडीवर बसून रावेतला आले. सगळा प्लँट वाकून वाकून पाहिला. जाताना भोसलेच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरगं ऱ्हाऊ दे. मलाच घे!"

*

स्टील प्लँट नवाकोरा दिसला की खेळणं वाटतं. त्यावर धूळ पाहिजे, काजळी पाहिजे, गंज पाहिजे. स्नेहलनं रंगीत खडूची पूड, वॉटर कलर आणि बारीक ब्रश घेऊन महिनाभर पत्र्याच्या शेडवर गंज चढवला. काय गंज होता! पावसाचे ओघळसुद्धा दिसायचे.

आम्ही फोटो काढायला वर गेलो, तर शेड लखलखीत! शेजारी ओलं फडकं घेऊन सासूबाई.

"अगं, केवढा गंज चढला होता! एवढ्या कष्टानं केलंयत, जरा पुसत जा की अधूनमधून."

मला वाटलं, स्नेहल आता रडणार. ती तर हसत सुटली. "आई, खरंच गंज वाटला?" आणि सासूबाईंना कडकडून मिठीच मारली!

*

पिंपरीतल्या एका हॉलमध्ये मॉडेल्सचं प्रदर्शन होतं, तिथे आम्ही लेआउट मांडला. आमच्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर आले. भिंग मागून घेतलं आणि प्लँटचा राउंड घेतला.

"हेल्मेट कुठायत?"

"सर, ही दोन सेंटिमीटरची माणसं आहेत."

"म्हणून डोकं नाही का त्यांना?"

स्नेहलनं रात्रीतून एकेका माणसाला पिवळं हेल्मेट रंगवलं. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले, भिंगातून बराच वेळ बघत राहिले. आम्ही शाबासकीची वाट बघत उभे.

"चिनस्ट्रॅप? हनुवटीखालचा पट्टा कुठाय?"

*

त्याच प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मिलिंदचे वडील आले. ते जालन्याकडून तरुणपणी इकडे आले आणि एका फाउंड्रीत रिटायर होईपर्यंत ओतकामावर होते. घरी त्यांनी कधी कामाचा विषय काढला नाही. मिलिंदचा हा नाद त्यांच्या लेखी पोरखेळ. गच्चीवर कितीदा बोलावलं, एकदाही आले नाहीत. त्या दिवशी मिलिंदच्या आईनंच त्यांना ओढून आणलं होतं.

नेमकी तेव्हाच क्रेनची मोटर अडकली. वितळलेलं लोखंड ओतायची बादली, म्हणजे लॅडल, कलंडेचना. मिलिंद पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. "बाबा आलेत यार, आजच?" भोसलेनं टेबलाखाली झोपून वायर बदलली. "लाव बटण," खालूनच ओरडला.

मिलिंदनं बटण दाबलं. इंजिनानं लॅडल आत आणली, क्रेननं उचलली, हळूहळू तिरकी केली. भोसलेनं बसवलेले दिवे पेटले आणि केशरी उजेडाची धार साच्यात उतरायला लागली. शेडचं छत लाल झालं. पेराएवढी माणसं लाल झाली.

मिलिंदची आई नीट दिसावं म्हणून पुढे वाकली. जन्मभर ती नवऱ्याच्या कंपनीच्या गेटपर्यंतच गेलेली.

बाबांनी झटकन हात आडवा घातला आणि तिला मागे ओढलं.

"मागं सर. ठिणगी उडती."