एकतीस आणि एक

"येऊ द्या… येऊ द्या… अजून येऊ द्या… बास!"

आणि मग गाडीच्या पाठीवर तळहाताच्या दोन थापा. मोटार असो, टेम्पो असो, नाहीतर कुणाच्या पाव्हण्याची नवी कोरी गाडी असो, त्या दोन थापा बसल्याशिवाय आमच्या गल्लीत गाडी लागली असं कुणी मानत नसे. नव्या गाडीवाल्याचा जीव कळवळायचा. "काका, रंग जाईल ना!" तर हे म्हणायचे, "एसटीचा न्हाई गेला एवढ्या वर्षांत, तुझा कसा जातो?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा म्हातारा असेल. आमच्या परभणीच्या गल्लीतले हे म्हातारे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सोनपेठ, जिंतूर, पाथरी अशा स्टँडांवर कोणती बस कुठं लावायची हे सांगण्यात त्यांची नोकरी गेली. रिटायर झाले आणि स्टँड घेऊनच घरी आले, असं लोक म्हणत. गल्लीत त्यांना सगळे कंट्रोलर काका म्हणायचे. मीही तेच म्हणायचो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. सेलूला कापसाच्या जिनिंगवर हंगामाला आलो, तिथं ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि शेवटी एक जुना टेम्पो घेऊन परभणीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. टेम्पो होता, पण तो ठेवायचा कुठं हे ठरलेलं नव्हतं. घरमालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोली दिली आहे, रस्ता दिलेला नाही.

पहिल्या संध्याकाळी मी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा केला आणि आतच बसून राहिलो. खतांच्या दुकानाचे मालक आमच्या समोरच राहतात. ते येऊन म्हणाले, "किरायादाराच्या टेम्पोला आता अंगण पायजे का?" मी म्हटलं, "नाही जी, सकाळी काढतो जी." ते हसले. "जी-जी करून जागा मिळत न्हाई इथं."

तेवढ्यात काचेवर दोन बोटं वाजली. बनियन, पायजमा, गळ्यात चष्म्याची दोरी. "काय करायलास आत बसून? रात्र काढतो का गाडीत? चल, रिव्हर्स घे." आणि दुकानदारांकडे वळून म्हणाले, "शेठ, गाडी कुणाची का असंना, रस्ता गल्लीचा हाय. किरायादाराच्या गाडीला काय पंख हायत का?"

"येऊ द्या… येऊ द्या… बास!" दोन थापा.

परक्या गावात माझ्या वस्तूला मिळालेली ती पहिली जागा. त्या दोन थापा मला माझ्याच पाठीवर बसल्यासारख्या वाटल्या.

गल्लीचा नियम काकांनी घातलेला होता. एका बाजूला म्युनिसिपालटीची शाळा, दुसऱ्या बाजूला कडुलिंब. विषम तारखेला गाड्या शाळेच्या बाजूला लावायच्या, सम तारखेला लिंबाच्या. म्हणजे कुणाच्याही दारात कायमची गाडी नाही आणि कुणाचं दार कायमचं मोकळं नाही. सकाळी सहाला बाजू बदलायची. काकांच्या फाटकाला एक छोटा फळा टांगलेला असे. त्यावर खडूनं लिहिलेलं, "आज लिंबाची बाजू". अक्षर असं की स्टँडवरच्या वेळापत्रकाची आठवण यावी.

कुणी चुकलं की काका घरी जाऊन भांडत नसत. गल्लीच्या मधोमध उभे राहायचे आणि नाकातून आवाज काढून स्टँडवरच्यासारखी घोषणा करायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पांढऱ्या रंगाची मोटार चुकीच्या फलाटाला लागलेली आहे. चालकाने चहा सोडून त्वरित यावे." पोरं खिडक्यांतून टाळ्या वाजवायची. मालक लाजत किल्ली घेऊन यायचा. एकदा एक पांढरा बैल सम तारखेला शाळेच्या बाजूला ऐसपैस बसला होता. दुकानदार म्हणाले, "आता याला काढा की कंट्रोलर!" काकांनी बैलाकडे बघितलं. "जनावराला कॅलेंडर नसतंय. त्याला माफ. तुमाला न्हाई."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे. बऱ्याच जणांना तसंच वाटायचं. एकदा मी विचारलं, "काका, कामून एवढं भांडता लोकांशी?" 'कामून' हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

ते मला घरात घेऊन गेले. काकू पलंगावर तीन उशा पाठीला लावून बसल्या होत्या. श्वास घेताना त्यांचे खांदे वर उचलले जायचे. दोन वाक्यांच्या मध्ये त्या थांबायच्या, आणि काका तेवढा वेळ पंख्याकडे बघत बसायचे. काकू म्हणाल्या, "यांना… माझ्यापेक्षा… गाड्यांची काळजी." आणि हसल्या.

बाहेर आल्यावर काकांनी खिशातून मोजपट्टी काढली. "रस्ता सोळा फूट. एका बाजूची गाडी सहा खाती. दहा उरतात. दवाखान्याच्या गाडीला आठ पायजे. दोन्ही बाजूला लागल्या तर किती उरले?"

"चार, जी."

"चार फुटातून तुझी काकू जाती का?"

त्या दिवसानंतर मी एकदाही आळस केला नाही. सकाळी सहाला उठून टेम्पो पलीकडे नेणं हे माझं पहिलं काम झालं. गल्लीत मीच सगळ्यात वक्तशीर. काका लोकांना सांगायचे, "हा बघा, भंडाऱ्याचा माणूस. किरायानं राहतो, पण फळा वाचतो."

पण खरं सांगतो, मी फळा वाचत नव्हतो. काल तिकडं होता, आज इकडं, एवढंच मला कळायचं. तारीख बघायची गरजच पडत नव्हती. अपवाद फक्त एकतीस दिवसांच्या महिन्याचा. एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. त्या दिवशी गाडी हलवायची नाही. काकांनी मला ते बोटं मोजून समजावलं होतं. शिवाय त्या सकाळी ते फळ्यावर ठळक लिहायचे, "आज गाडी हलवू नये." आणि फाटकात उभे राहायचे, कारण अर्धी गल्ली सवयीनं किल्ली घेऊन बाहेर पडायची. त्यांनी हात वर केला की मी परत फिरायचो.

गेल्या वर्षी अशाच एका एक तारखेला मी सहाला बाहेर आलो. फाटकात काका नव्हते. फळ्यावर कालचंच पुसट अक्षर होतं. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. टेम्पो शाळेच्या बाजूनं काढला, लिंबाखाली लावला आणि स्टँडकडे चहाला गेलो. मला बघून आणखी दोघांनी काढल्या. भंडाऱ्याचा माणूस चुकत नाही, असं त्यांना वाटलं. बाकीच्यांच्या गाड्या शाळेच्या बाजूलाच उभ्या राहिल्या.

काका आत काकूंना धरून बसले होते. पहाटेपासून त्यांना श्वास लागला होता. दवाखान्याची गाडी बोलावली होती.

मी परत आलो तेव्हा ती गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वरचा लाल दिवा फिरत होता. दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये चार फुटांची फट, आणि त्या फटीतून काका आणि दुकानदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून काकूंना आणत होते. दुकानदारांच्या पायात चप्पल नव्हती. काकूंचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

मी किल्ली हातात घेऊन पळालो. "काका, काढतो जी, एका मिनिटात काढतो…"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग टेम्पोकडे. मग परत माझ्याकडे.

"किल्ली खिशात ठेव," ते म्हणाले. "खुर्ची धर."

काकू तिसऱ्या दिवशी गेल्या.

मी खोली सोडायचं ठरवलं होतं. बायकोनं भांडी गोणीत भरलीसुद्धा. कुणी मला तोंडावर काही बोललं नाही. पण नळावर मी गेलो की बोलणं थांबायचं. दुकानदार एकदा बोलले. काकूंच्या तेराव्याला, जेवणाच्या पंगतीत, काका समोर असताना. "ज्याला जागा दिली त्यानंच वाट अडवली."

काका वाढत होते. हातात वरणाचं भांडं. ते म्हणाले, "शेठ, शाळेच्या बाजूला तुमची होती, लिंबाच्या बाजूला याची. आन् फळा लिहायचा ऱ्हायला तो माझा. वरण घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोत बसून होतो, स्टार्टर मारायची हिंमत होत नव्हती. मागून आवाज आला. "येऊ द्या… येऊ द्या…" आवाज बसलेला होता. आरशात हात दिसत होता, पण तो कुठं थांबवायचा हे जणू त्यांनाच कळत नव्हतं. मी गाडी मागं घेतली आणि अंदाजानं ब्रेक दाबला. थापा पडल्या नाहीत.

थोड्या दिवसांत संभाजीनगरला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं त्यांना तिकडं बोलावून घेतलं. सामान न्यायला टेम्पो कुणाचा, हा प्रश्नच आला नाही. पलंग, दोन ट्रंका, काकूंचा फोटो पेपरात गुंडाळून. काका माझ्या शेजारी केबिनमध्ये बसले. गल्लीतले सगळे आले होते. दुकानदार गाडी निघेपर्यंत खिडकीला हात लावून उभे होते.

जिंतूरला चहाला थांबलो. काका स्टँडकडे तोंड करून बसले. एक बस वाकडी लागत होती. एरवी ते उठले असते. मी इतके दिवस गिळून बसलो होतो ते तिथं बाहेर आलं.

"काका, मी गाडी हलवली नसती तर काकू…"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "डॉक्टर म्हणले, तासभर आधी आणलं असतं तरी तेच झालं असतं."

"असं म्हणाले?"

"व्हय. चहा पी, गार व्हायलाय."

ते तीन दिवस मी दवाखान्याच्या जिन्यातच होतो. त्यांचा डबा मीच नेत होतो, औषधं मीच आणत होतो. डॉक्टर त्यांच्याशी बोलले तेव्हा प्रत्येक वेळी मी दोन पावलांवर होतो. हे वाक्य मी ऐकलेलं नाही. माझ्या माघारी बोलले असतील. बोलले नसतीलही. मला ते हवं होतं, मी घेतलं. अजून जवळ ठेवलं आहे.

मुलाची सोसायटी मोठी होती. गेटवरच्या वॉचमननं हात आडवा केला. टेम्पो आत जाणार नाही, सामान इथंच उतरवा. मला वाटलं, आता काका मोजपट्टी काढतील, भांडतील. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि आत जाणाऱ्या एका मोटारीला वाट करून दिली. मुलगा ऑफिसातून निघाला होता, यायला वेळ होता.

वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. पोरगाच होता, आदरानं बोलत होता.

"आजोबा, नाव लिहा. कुणाकडं आलात?"

"मुलाकडं."

"आणि इथं लिहा, किती वेळ थांबणार."

त्यानंतर मी काकांना पाहिलेलं नाही. फोनवर बोलतात, पण थोडंच. मला दिसतात ते तिथंच, गेटपाशी, हातात दोरीनं बांधलेलं पेन घेऊन, त्या रिकाम्या रकान्याकडे बघत. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी वाकून ट्रंक उचलली.