मेल्यावरचं कुंकू

माझी बायको यमुना गेली त्या सकाळी देवासच्या आमच्या गल्लीतल्या बायका खणा-नारळाच्या ओट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अहेवपणी गेली, भाग्याची हो!" म्हणाल्या. महिना झाला, ते शब्द डोक्यातून जात नाहीत. मी फार शिकलेला नाही, जसं झालं तसं लिहितो.

संस्थान विलीन झालं, पागा मोडली, आणि मी घोड्यांवरून नाटक मंडळीच्या पडद्याच्या दोरीवर आलो. गणपतीत धारला खेळ होता आणि बायकांची कामं करणारा बापू तापानं पडला. यमुना मंडळीची लुगडी धुवायची, तालमी ऐकून तिला सगळी भाषणं पाठ. मॅनेजर म्हणाला, "भिया, भाभींना पूछ के तो देखो!" मी विचारलं. तर म्हणते, "विचारायला इतके दिवस लावलेत होय?" नाटकातल्या आईच्या कामात उभी राहिली, अन् पहिल्याच वाक्याला धारचं पब्लिक चिडीचूप. मग पुढं वर्षानुवर्षं धार, देवास, हाटपिपल्या... बसच्या टपावर पेट्या अन् आत आम्ही. बापूनं परत लुगडं नेसलं नाही. म्हणाला, "वहिनी, तुमच्यापुढं मी मिशीवालाच बरा."

पण धारच्या त्या पहिल्या खेळानंतरच्या संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. तोंड रंगवून परक्या पुरुषांपुढं उभी राहते, ती कसली सवाष्ण! मग पुढं दर संक्रांतीला ती वाण मांडून, दार उघडं टाकून बसायची. एक बाई कधी फिरकली नाही. अन् ह्याच बाया खेळाला पुढच्या रांगेत, पदरानं डोळे पुसत! तिच्या रडण्यावर रडायचं, तिच्या कपाळाला बोट लावायचं नाही. दिवेलागणीला ती रंगाच्या पेटीतला करंडा काढून आपलं आपणच कुंकू लावायची. "कसं बसलंय? मागच्या रांगेतून दिसेल ना?" असं हसत विचारायची. मला हसू यायचं नाही.

म्हणून त्या सकाळी मी दार अडवून उभा राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, सवाष्णीची ओटी अडवू नये, पाप लागतं."

"ती जिवंत होती तेव्हा दार उघडंच होतं, काकू. तेव्हा कुठं होतात?"

ओट्या आल्या तशा परत गेल्या. लागू दे पाप. कुंकू मीच लावलं, ठसठशीत, मागच्या रांगेतून दिसेल असं.

बहीण म्हणते, तो करंडा आता देवळात देऊन टाक. नाही देत. आतल्या कुंकवात तिच्या बोटाचा खळगा पडलाय... त्या दिवशी मीसुद्धा कडेकडेनंच घेतलं.